सातव्या पायरीवर कमळाकरशेठ

"एक तास म्हंजे काय ओ मॅडम? साठच मिन्टं ना? दोन तास बसतो, लिहून घ्या!"

कमळाकरशेठ घरत भर योगवर्गात हे बोलले आणि वर्गातली सव्वीस माणसं शवासनातून उठून हसली. त्यांचंही बरोबर होतं. वर्ष झालं शेठ वर्गाला येत होते, पण सलग सहा मिनिटं त्यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. प्राणायाम चालू असताना श्वास आत घेतला की तो बाहेर सोडण्यापूर्वी ते शेजाऱ्याला एखादी बातमी सांगून घेत.

शेठचं आणि या कॉलनीचं नातं जुनं. पनवेलची ही अख्खी कॉलनी त्यांच्या वडिलांच्या भातखाचरांवर उभी आहे. तीस वर्षांत मुंबई-पुण्याहून नोकरदार मंडळी आली, टॉवर झाले, मधे शेठचा बंगला राहिला. लोक शेठकडे येत ते प्लॉटची हद्द विचारायला, नाहीतर टेम्पो मिळेल का विचारायला. ज्ञानाची गोष्ट त्यांना आजवर कुणी विचारली नव्हती. वसुंधरा मॅडमच्या वर्गात बसायला लागल्यापासून शेठना एकच ध्यास लागला होता. एकदा तरी आपण पुढे बसावं, ही सगळी शिकली-सवरलेली माणसं डोळे मिटून आपल्यासमोर असावीत, आणि आपण हळू आवाजात म्हणावं, "श्वासाकडे लक्ष द्या."

तशी संधी आली होती. रविवारपासून बेलपाड्याला मॅडमचा नवा ध्यानवर्ग सुरू होणार होता आणि तो चालवायला त्यांना माणूस हवा होता.

"ध्यान ही सातवी पायरी आहे, घरतसाहेब," मॅडम म्हणाल्या. पार्किंगमधल्या खांबावर आठ पायऱ्यांचा तक्ता लावलेला होता, त्यावर त्यांनी बोट फिरवलं. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, मग ध्यान, आणि सगळ्यात वर समाधी. "ते ओढून आणता येत नाही. खालच्या पायऱ्या नीट चढलं की आपोआप लागतं, तेलाची धार न तुटता पडावी तसं. तुमचं अजून पहिल्या पायरीवरच काम चालू आहे."

"मॅडम, आमच्या पनवेलला आता फ्लायओव्हर झालाय," शेठ म्हणाले. "खालचे सा सिग्नल कोन लागू देतो? मी वरून येतो तो सरळ सातव्याला उतरतो."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. उद्या एक तास बसा. डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही. मोबाइलवर घंटा लावा, ती वाजेपर्यंत उठायचं नाही. सुरुवातीला पाच मिनिटंसुद्धा तासाएवढी वाटतात, त्याला फसू नका. मी काही बघायला येणार नाही, दहापर्यंत मला दुसरा वर्ग आहे. नंतर आत काय घडलं ते मला खरं सांगा, म्हणजे झालं."

यावरच शेठ ते 'दोन तास बसतो' बोलले होते. इथवर सगळं सरळ होतं. घरात देवघरासमोर बसले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण शेठनी विचार केला, घरात बसलो तर बघणार कोण? वर्गातली माणसं सकाळी फिरायला निघतात ती कॉलनीच्या बागेवरून. बाग स्वतः अकरा महिने बंद होती. 'सुशोभीकरणाचे काम सुरू आहे' असा बोर्ड आणि मोठं कुलूप, त्यामुळेच तर योगवर्ग पार्किंगमध्ये गाड्यांच्या धुरात भरायचा. पण बागेच्या गेटबाहेर उंबराखाली छान पार होता, आणि समोर रस्त्यापलीकडे बागांची व्यवस्था बघणारं सरकारी ऑफिस. वर्दळीची जागा. शेठनी तिथेच बसायचं ठरवलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी तांदळाच्या तीन भाकऱ्या कोलंबीच्या सुक्या सोड्यांबरोबर खाल्ल्या. बायको, रंभाबाई, बाजाराला गेली होती. शेठनी पांढरा झब्बा घातला, डोक्यावर टोपी ठेवली, पारावर पांढरी चादर अंथरली, पाठीला लोड घेतला, उजव्या हाताला पाण्याची बाटली, डाव्या हाताला मोबाइल. साडेसातला एका तासाची घंटा लावली आणि डोळे मिटले.

आता बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. पनवेल-उरण पट्ट्यात जमिनीसाठी, पाण्यासाठी, नोकऱ्यांसाठी इतकी आंदोलनं झाली आहेत की इथलं शेंबडं पोरसुद्धा मंडप बघून मागणी ओळखतं. सरकारी ऑफिससमोर पांढरी चादर, पांढरा झब्बा, लोड आणि पाण्याची बाटली ह्या चार वस्तू एकत्र दिसल्या, की इथल्या माणसाच्या मनात ध्यान-बिन काही येत नाही. त्याच्या मनात उपोषण येतं!

पहिला आला महादेव भोईर. महादेव हा पाच कृती समित्यांचा अध्यक्ष आणि सहावीच्या शोधात होता. त्यानं बुलेट थांबवली, बंद गेट बघितलं, समोरचं ऑफिस बघितलं, डोळे मिटलेले शेठ बघितले आणि त्याचा ऊर भरून आला.

"दादांनी कोनाला सांगितलं पन नाय," तो पुटपुटला. "एकटेच येऊन बसले. याला म्हनतात मानूस."

मग त्याची नजर मोबाइलवर गेली. उपोषणाला बसलेल्या माणसाला फोनचा त्रास होऊ नये म्हणून त्यानं तो अलगद उचलला, बंद केला आणि स्वतःच्या खिशात टाकला. शेठना हे कळलं नाही. आपण मात्र ध्यानात ठेवू, कारण आता घंटा वाजणार नव्हती.

पहिली काही मिनिटं शेठची खरंच छान गेली. श्वास आत, श्वास बाहेर. मग मान खाजली. मग दाढेतला सोडा आठवला. मग गळ्यात काहीतरी गार आणि ओलं पडलं. झेंडूचा वास आला. हार! वर्गातल्या मंडळींना आपली योग्यता पटली तर. इतक्या लवकर पटेल असं शेठना वाटलं नव्हतं.

त्यानंतर बांबू ठोकल्याचा आवाज आला. मंडप? ध्यानाला मंडप घालतात का? घालत असतील, शेठनी मनात म्हटलं, ऊन चढतंय. मग पाठीमागे कापड ताणल्याचा आवाज आणि कुणाचा तरी प्रश्न.

"बॅनरवर दिवस कितवा टाकू?"

"पहिलाच ना?" दुसरं कुणीतरी म्हणालं.

"पैल्या दिवसाला कोन विचारतो? तिसरा टाक." हा महादेवचा ओळखीचा घसा.

शेठचा श्वास आत गेला तो तिथेच थांबला. मग माइकवर कुणीतरी तीनदा 'हॅलो' म्हटलं, आणि महादेव गरजला, "बंधू-भगिनींनो! आपल्या हक्काच्या बागेसाठी कमळाकरदादा घरत यांच्या आमरण उपोषणाचा आज तिसरा दिवस! तीन दिवस दादांच्या पोटात अन्नाचा कण नाय!"

तीन भाकऱ्या शेठच्या पोटात दचकल्या. ओरडून सांगावं, 'अरे येड्या, मी ध्यानाला बसलोय,' असे शब्द अगदी ओठापर्यंत आले. पण तोंड उघडलं की तास मोडला. तास मोडला की रविवारचा वर्ग योगवर्गातल्याच त्या बँकेतल्या कर्णिकांना जाणार, त्यांनाही तो हवा होता. शेठनी हिशेब केला, तास होतच आला असेल, पाच मिनिटांत घंटा वाजेल, मग सगळ्यांना समजावून सांगू. त्यांनी ओठ आणखी घट्ट दाबले.

"बघा," गर्दीतून एक बाई कळवळल्या. "भुकेनं ओठ कसे पांढरे पडलेत."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेठना वाटलं तास केव्हाच उलटला. पण मॅडमनी काय सांगितलं होतं? पाच मिनिटं तासाएवढी वाटतात, फसू नका. शेठ फसले नाहीत. ते बसून राहिले. पायाला मुंग्या आल्या, मग पाय गेल्यासारखाच वाटू लागला. बाहेर घोषणा सुरू झाल्या. ढोल आला. कुणीतरी रक्तदाब तपासून गेलं आणि 'तीन दिवसांच्या मानानं उत्तम' असं माइकवर जाहीर झालं. त्यावर टाळ्या पडल्या!

प्रत्याहार ही पाचवी पायरी. कासव जसं पाय आत ओढून घेतं तशी इंद्रियं आत ओढून घ्यायची, असं मॅडमनी शिकवलं होतं. शेठचं कासव उलटं निघालं. त्यांचे कान आयुष्यात इतके बाहेर आले नव्हते. गर्दीतली प्रत्येक कुजबुज त्यांना ऐकू येत होती, आणि एकालाही उत्तर देता येत नव्हतं. तेवढ्यात नाकानं खबर दिली. ताजा जिताडा मासा. अगदी जवळ. आणि त्या वासाच्या पाठोपाठ रंभाबाईंचा आवाज.

"अवो, ह्यो काय परकार?"

बाजाराची पिशवी शेठच्या मांडीला टेकली होती. "वैनी, मासली झाका," महादेव घाईघाईनं म्हणाला. "उपोषनाला बरं नाय दिसत." मग त्यानं रंभाबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शेठ वाट बघत राहिले. रंभा आता बोलणार, की हा माणूस सकाळी भाकऱ्या खाऊन निघालाय. बोल बाई, बोल. अडतीस वर्षांच्या संसारात बायकोनं बोलावं असं शेठना पहिल्यांदाच वाटत होतं.

रंभाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या पारावर शेठच्या शेजारी बसल्या. पदर सारखा केल्याची बांगड्यांची किणकिण तेवढी आली.

तेवढ्यात पूर्वी नावाची मुलगी आली. तिचं मोबाइलवर चालणारं बातम्यांचं चॅनेल होतं. तिनं आधी माइक शेठसमोर धरला. "दादा, तुमची भूमिका काय?"

शेठची भूमिका श्वास सोडण्याची होती. तिनं माइक रंभाबाईंकडे वळवला. "काकू, तुम्ही सांगा. यांनी किती दिवस अन्न सोडलंय?"

"अन्नाचं मना नको विचारू," रंभाबाई म्हणाल्या. "ह्यांनी बोलनं सोडलंय. आमच्या घरात त्याच्यावून मोठी गोष्ट नाय. ह्यांचं जेवन सुटंल, बोलनं नाय सुटायचं."

लोक हसले. "आणि मागणी?"

"मागनी व्हय." रंभाबाई क्षणभर थांबल्या. सवयीनं थांबल्या असाव्यात, कारण त्यांच्या वाक्यात या जागी शेठ बोलायला लागत. आज कुणी बोललं नाही. मग त्या बोलायला लागल्या. "अकरा म्हैने बाग बंद हाय. संध्याकाळी आमी दहा बायका हितं बसायचो. गुडघे दुखतात, घरात सुना-पोरं फोनात असतात, दोन शब्द बोलायला मानूस नाय मिलत. ती आमची एकच जागा. आता फिरायचं त कुठं? सर्विस रोडला. तिथं डंपर. गनपतीच्या आदी आमच्यातल्या भामाला रिक्षानं उडवली, पाय मोडून घरात हाय ती. मी ह्यांना तवापासून सांगते, तुमाला सगली वळखतात, समोरच्या ऑफिसात एक अर्ज देवा. नुसता एक अर्ज. पन माझं वाक्य संपायच्या आत ह्यांचं सुरू व्हतं. मना सांगायचंच ऱ्हायलं, का भामाकडं मी रोज जेवन घेऊन जाते. ह्यांना म्हायतीच नाय. आज ह्ये हितं येऊन बसलेत. तुमीच बगा."

मिटलेल्या डोळ्यांच्या आत शेठना एकदम कसंसं झालं. भामाचा पाय मोडल्याचं त्यांनी ऐकलं होतं, असं त्यांना आता आठवलं. ऐकता ऐकता त्यांनीच रिक्षावाल्यांवर अर्धा तास भाषण दिलं होतं. आणि ही बिचारी समजतेय की आपण तिच्यासाठी इथे बसलोय! घंटा आता वाजली तर काय सांगायचं हिला? शेठना पहिल्यांदाच वाटलं, की घंटा जरा उशिरा वाजली तरी चालेल.

समोरच्या ऑफिसातून विश्वजीत साहेब आले तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. साहेब तरुण होते, हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास होता. "आंदोलन मागे घ्या, दादा. बागेचं काम आठ महिन्यांपूर्वीच पूर्ण झालंय. उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळत नाही म्हणून थांबलोय. तारीख मिळाली की लगेच."

"म्हंजे बाग तयार हाय?" रंभाबाईंनी विचारलं.

"हो, अगदी बाकडीसुद्धा लावलीत."

"आनि किल्ली?"

साहेबांनी ऑफिसकडे बोट दाखवलं. "ड्रॉवरमध्ये आहे."

साहेबांनी रसाचा ग्लास शेठच्या ओठांना लावला. मोसंबीचा वास, पाठीवर ऊन, घशाला कोरड. शेठचे ओठ स्वतःहून सुटायला लागले, तोच रंभाबाईंनी ग्लासावर हात ठेवला.

"आदी गेट. मंग ज्यूस."

"काकू, यांची तब्येत..."

"तब्येतीचं मी बगते. तुमी किल्ली बगा."

किल्ली आली. कुलूप गंजलं होतं, महादेवनं बुलेटचं तेल ओतलं, आणि अकरा महिन्यांनी गेट करकरत उघडलं. काय तो जल्लोष! फटाके वाजले, ढोल वाजला, बायका पहिल्या आत धावल्या आणि कुणीतरी शेठवर इतका गुलाल टाकला की त्यांना चार शिंका आल्या. चारही शिंका त्यांनी डोळे न उघडता, शब्द न बोलता दिल्या.

"घरतसाहेब, डोळे उघडा."

हा आवाज वसुंधरा मॅडमचा होता. शेठनी डोळे उघडले. समोर मंडप, बॅनर, पोलिसांची गाडी, पूर्वीचा कॅमेरा, रंभा, आणि अख्खा योगवर्ग हात जोडून उभा. सगळ्यांत पुढे बँकेतले कर्णिक.

"किती वाजले?" अडीच-तीन तासांनी शेठचा पहिला शब्द फुटला.

"दहा वीस," मॅडम म्हणाल्या. "दोन तास पन्नास मिनिटं. ढोल, फटाके, घोषणा, आणि तुम्ही ढळला नाहीत. मी वीस वर्षं शिकवतेय, मला हे जमलं नसतं. आता सगळ्यांना सांगा, आत काय अनुभव आला? मन शांत झालं?" आणि त्यांनी महादेवच्या हातातला माइक शेठना दिला.

शेठनी माइक घेतला. त्यांच्या आयुष्यात माइक हातात असूनही ते गप्प आहेत असं कधी घडलं नव्हतं. सगळं काही समोर मांडून ठेवलं होतं. 'हो, शांत झालं' एवढं म्हटलं की बेलपाड्याचा वर्ग आपला. बाग आपल्यामुळे उघडली. कर्णिक आपल्यासमोर डोळे मिटून बसणार. आणि रंभा आयुष्यभर समजणार की नवऱ्यानं आपलं ऐकलं. खरं सांगितलं तर ह्यातलं एकही उरणार नव्हतं. त्यांनी रंभाबाईंकडे बघितलं. त्या अकरा महिन्यांची धूळ पदरानं झाडत गेटच्या कठड्याला टेकल्या होत्या.

"नाय झालं," शेठ म्हणाले. "एक मिनिट पन ध्यान नाय लागलं, मॅडम. मी तुमचं सगल्यांचं बोलनं ऐकत व्हतो. आनि उपोषन-बिपोषन काय नाय. वर्ग मिलावा म्हनून बसलो व्हतो, चार लोकांनी बगावं म्हनून हितं बसलो. सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्यात." त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं. "रंभे, तुझ्यासाठी नवतो बसलो. पन तुझं बोलनं आज पैल्यांदा पुरं ऐकलं. भामाकडं तू रोज जेवन नेतेस, त्ये मना खरंच म्हायती नवतं."

महादेवनं हळूच बॅनरवरचा 'आमरण' हाताने झाकला. शेठ खाली मान घालून रंभाबाईंच्या संतापाची वाट बघत बसले.

"मना म्हायती व्हतं," रंभाबाई म्हणाल्या.

"काय म्हायती व्हतं?"

"तीन भाकऱ्या मीच थापल्या व्हत्या नं? त्या खाऊन कोन बसतो उपोषनाला? आनि काल रातच्याला जेवताना तुमी तासभर ध्यानाचंच सांगत व्हते. बगितल्या बगितल्या कळलं मना."

"मंग बोल्ली का नाय?"

"बोल्ली असते त तुमी डोले उघडले असते. डोले उघडले का तोंड उघडलं असतं. अकरा म्हैन्यांत पैल्यांदा मना बोलायला जागा मिलाली, ती कशाला घालवू?" त्यांनी पिशवी उचलली. "मी खोटं कायबी नाय बोल्ली. बोलनं सोडलंय बोल्ली. सोडलंच व्हतं तुमी."

आधी मॅडम हसल्या, मग पूर्वी, मग विश्वजीत साहेब, आणि मग उंबरावरचे कावळे उडाले एवढं हसू मंडपात पसरलं. गेट मात्र उघडं ते उघडंच राहिलं, कारण आत बायका बाकड्यांवर बसल्या होत्या आणि त्यांना उठवायची हिंमत साहेबांत नव्हती.

"मॅडम, बेलपाड्याचा वर्ग कर्णिकांना ना मंग?" शेठनी जाताना विचारलं.

"त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पण तुमचंही काम झालंय आज. पहिली पायरी म्हणजे यम, आणि यमात सत्य येतं. शंभर माणसांसमोर माइकवर ते बोलणं सोपं नाही. तेवढं जमलं तुम्हाला. उरलेल्या पायऱ्या सावकाश चढा. फ्लायओव्हरवरून येऊ नका."

रविवारी योगवर्ग पुन्हा बागेत भरला. शेठ शेवटच्या रांगेत बसले होते. रंभाबाई पहिल्यांदाच वर्गाला आल्या होत्या, आणि शेजारी व्हीलचेअरवर भामा. वर्ग सुरू होणार तेवढ्यात महादेव गेटमधून घाईघाईनं आला आणि शेठना ओलांडून थेट रंभाबाईंपाशी वाकला.

"वैनी, येत्या मंगळवारी दादांना मोकळं ठेवता का? तळोज्याला कंपन्यांच्या वासाची लय तक्रार हाय. दादांना तिथं नुसतं बसवायचं हाय, बाकी सगळं तुमी बोला."

"अरे, मना कोन विचारनार का..." शेठनी तोंड उघडलं.

"डोले मिटा," रंभाबाई म्हणाल्या.

शेठनी मिटले. किती वेळ मिटायचे ते तिनं सांगितलं नाही, आणि शेठचा मोबाइल आता तिच्या पिशवीत होता.